वाट पाहणारे कडवे

एस्तेरबाई दुर्गे यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात मी चार शब्द लिहावेत असे आमच्या चर्चच्या मंडळीच्या पंचांनी ठरवले, तेव्हा मी आधी हात जोडले. मी पेटी वाजवणारा माणूस, लेखणीचा आणि माझा संबंध पोस्टकार्डापुरता. पण पंचांनी ऐकले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही मनातून लिहायचेच होते. आम्हा नाटकवाल्यांना आधी नको नको म्हणायची खोड असते. काही चुकले तर वाचकांनी पदरात घ्यावे.

बाईंची आणि माझी पहिली भेट वडशाची. पन्नास सालानंतरचा दुसरा की तिसरा हिवाळा असेल. धान घरात आले होते आणि गावोगावचे लोक बंड्या जुंपून नाटकाला येत होते. आमच्या कंपनीचा मुक्काम महिनाभर तिथेच होता. सकाळच्या उन्हात मी पायपेटी उघडून बसलो होतो. उंदराने भात्याचे कातडे कुरतडले होते आणि मी उंदराच्या सात पिढ्यांचा उद्धार करीत होतो. तेवढ्यात पांढरे लुगडे नेसलेल्या, पायांत कॅनव्हासचे बूट घातलेल्या एक उंच बाई पेटीसमोर येऊन उभ्या राहिल्या. एका गुडघ्यावर भार न देता उभ्या होत्या. नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम म्हणाल्या, "मास्तर, काल तुमचा राजा उशिरा आला ना?"

मी चपापलो. आदल्या खेळात राजाचे काम करणारा आमचा नट आरमोरीहून यायचा होता आणि वाटेत त्याच्या बंडीचे चाक निखळले होते. प्रधान "महाराज येत आहेत" म्हणून मोकळा झाला, आणि महाराज अजून वैनगंगेच्या काठी. तेवढा वेळ मी एकच पद फिरवून फिरवून वाजवीत लोकांना जागेवर धरून ठेवले होते. एवढ्या गर्दीत कोणाला पत्ता लागला नव्हता, कंपनीच्या मालकालासुद्धा नाही.

"तुम्हाला कसे कळले?" मी विचारले.

"मी तुमच्या पायाकडं पाहून राह्यली होती. हात निवांत होते, पाय भेले होते." मग म्हणाल्या, "असं किती वेळ धरून ठेवता येते?"

"माणूस येईपर्यंत."

"नाईच आला तर?"

"येतो बाई. निघालेला माणूस कुठे जातो?"

बाई हसल्या आणि तिथेच शेजारच्या शिंप्याच्या बाकावर बसल्या. त्यांनी सांगितले ते असे. चांद्याला परकोटाच्या, म्हणजे गावाच्या तटाच्या, आत जुने दगडी चर्च आहे. मुलींच्या शाळेत शिकवता शिकवता तीस वर्षे त्या तिथे पायपेटी वाजवतात आणि गायनमंडळ चालवतात. आता गुडघा पेटीचा पायटा दाबू देत नाही. वाजवणारा माणूस पाहिजे. मी म्हणालो, "बाई, मी हिंदू माणूस. तुमच्या प्रार्थनेतले मला ओ की ठो कळत नाही." बाई म्हणाल्या, "पायपेटीले पाय लागतात, मास्तर. तुमचे पाय चांगले हाय. बाकीचं मंग पाहू."

हंगाम संपल्यावर मी छोट्या लाइनच्या गाडीने बाईंबरोबर चांद्याला निघालो. ती गाडी म्हणजे बैलबंडीची थोरली बहीण. राजोलीच्या स्टेशनात ती उगाच उभी राहिली आणि खिडकीतून बाहेर पाहत बाईंनी एक गोष्ट सांगितली. पूर्वी या गाडीवर एक गार्ड होता. गाडी सुटायच्या वेळी लांब बांधावरून टोपल्या घेऊन बाया धावताना दिसल्या की तो हिरवी झेंडी काखेत दाबून उगाच घड्याळाला चावी देत बसायचा. शेवटची बाई चढली की मग झेंडी वर. "तो गार्ड आता आमच्या मंडळीचा मोठा पंच हाय," बाई म्हणाल्या. "डॅनियलभाऊ. पण हे मी सांगितलं म्हणून त्यांना सांगू नका. त्यांना वाटते, कोणी पाह्यलं नाई."

चर्च मी पहिल्यांदा पाहिले ते दुपारी. बाहेर चांद्याचे ऊन, आणि आत पाय ठेवताच विहिरीत उतरल्यासारखा गारवा. जाड भिंती, सागवानी बाके, उंच छताच्या तुळयांवर पारवे. पूर्वेकडच्या खिडकीत निळी-तांबडी काच आहे. सकाळच्या उपासनेत तिचा रंगीत तुकडा आधी पाळकसाहेबांच्या पुस्तकावर पडतो, मग सरकत सरकत पेटीवर येतो आणि उपदेश लांबला तर थेट माझ्या मांडीवर. त्या तुकड्याकडे पाहत किती रविवार गेले ते मला सांगता येणार नाही. काही वेळा वाटायचे, मी झोपेतच वाजवतो आहे आणि पेटीच माझ्या पायांना हलवते आहे.

मला त्या पुस्तकातल्या रेघा आणि टिंबे वाचता येत नव्हती, अजूनही नीट येत नाहीत. बाई रोज दुपारी शाळा सुटल्यावर येत आणि एकेक चाल गाऊन माझ्या कानांत घालीत. वर्गात त्यांची भाषा अगदी धुतलेली, पण चाल शिकवताना घरची बोली निघे. माझी एक खोड त्यांनी पहिल्याच आठवड्यात पकडली. नाटकात आम्ही ओळ संपायच्या आत दुसरी धरतो, प्रेक्षकाला उसंत म्हणून द्यायची नाही. बाई पेटीच्या झाकणावर टकटक करीत आणि म्हणत, "इथी श्वास सोडा, मास्तर. हे लोक कोस कोस चालून येतात. त्यांना श्वास घेऊ द्या." मला ते शिकायला वर्ष लागले.

बाईंच्या ममतेचा एक प्रसंग सांगतो. पहिल्याच पावसाळ्यात मला हिवतापाने धरले. परक्या गावात, भाड्याच्या खोलीत, अंगावर दोन घोंगड्या घेऊन मी कुडकुडत होतो. बाई रोज तांदळाची पेज घेऊन यायच्या. पेज पाजून झाली की उशाशी बसून येत्या रविवारची चाल हळू आवाजात म्हणायच्या. ताप चढला की मला वाटायचे, इरई नदी माझ्या खोलीतून वाहते आहे आणि तिला चाल आहे. ताप उतरला तेव्हा तीन चाली मला न शिकता येत होत्या. बाईंना मी हे सांगितले तर म्हणाल्या, "मंग अजून आठ दिवस पडून राहायचं होतं. चार झाल्या असत्या."

उन्हाळ्यात दर गुरुवारी चर्चच्या ओसरीवर व्याख्याने होत, तीही बाईंचीच कल्पना. कोणीही यावे, कोणीही बोलावे, फक्त आपल्या कामाविषयी बोलावे. आमच्या पेटीचा भाता दुरुस्त करणारे कादरभाई घोड्यांची खोगिरे शिवत. त्यांना बाईंनी बोलायला उभे केले. कादरभाई घामाने डबडबले. "बाई, मैं क्या बोलू? मले दोन शब्द येत नाई." बाईंनी त्यांच्या हातात बकरीच्या कातड्याचा तुकडा आणि आरी दिली. मग कादरभाई बोलतच राहिले. कोणते कातडे वारा धरते, कोणते सोडते, हे ऐकताना पाळकसाहेब खाली सतरंजीवर मांडी घालून बसले होते. पुढच्या रविवारी त्यांनी आपल्या उपदेशात त्या कातड्याचा दाखला दिला आणि दाराबाहेर उभे राहून कादरभाईंनी तो ऐकला.

आता ज्या गोष्टीसाठी मी लेखणी धरली तिच्याकडे येतो.

मूल गावच्या रस्त्याला जंगलाच्या कडेला एक खेडे आहे. तिथल्या वीसेक बाया आमच्या मंडळीतल्या. एरवी त्या रविवारी येत आणि मागे दाराशी सतरंजीवर बसत. पण ईस्टरला, म्हणजे प्रभूच्या पुनरुत्थानाच्या सणाला, त्यांची पंचाईत होई. हा सण येतो नेमका मोहाच्या दिवसांत. मोहफुले पहाटेपासून टपटप गळतात. ती वेळेवर वेचली नाहीत तर गुरे आणि हरणे चाटून पुसून खातात. वाळवलेला मोह म्हणजे त्यांचे पावसाळ्यातले पोट. आणि आमची ईस्टरची उपासना पहाटेची. तेव्हा त्या मोह वेचून, टोपल्या डोक्यावर घेऊन तडक निघत, आणि पोचत तेव्हा उपासना संपून लोक चहाला लागलेले असत. त्यांच्यात वयाने मोठ्या रूताबाई. त्यांना मी एकदा म्हणालो, "एक दिवस मोह सोडता येत नाही का?" त्या म्हणाल्या, "मोह वाट पाहत नाई, मास्तर. देव पाहते. म्हून देवाकडं मागाहून येतो."

उपासना तासभर उशिरा घ्यावी म्हणून बाईंनी पंचांना अनेकदा विनवले होते. डॅनियलभाऊंचे उत्तर ठरलेले. "पहाटेची उपासना पहाटेलेच. वेळ म्हणजे वेळ." मग दर ईस्टरला सगळे गेल्यावर बाई रिकाम्या बाकांसमोर पेटीवर बसत आणि त्या वीस बायांसाठी एक गीत गात. माणसांनी उठून गेलेल्या घरात ताट वाढल्यासारखे ते वाटे, असे बाईच मला म्हणाल्या. त्यांची इच्छा एकच होती. या बायांना एक तरी ईस्टर सगळ्यांच्या बरोबर मिळावा, आपले हात चालतात तोवर मिळावा.

माझा पहिला ईस्टर आला. पहाटेच्या अंधुक उजेडात चर्च भरले होते. पारवे नुकते जागे होत होते, खिडकीची काच काळ्याची निळी होत होती, आणि मी अर्धवट जागा, अर्धवट स्वप्नात वाजवीत होतो. शेवटचे गीत आले. चार कडवी. चौथे संपले की पाळकसाहेब हात वर करून आशीर्वाद देणार आणि उपासना संपणार. पेटी अशी ठेवलेली आहे की वाजवणाऱ्याला उघड्या दारातून फाटकापलीकडचा रस्ता दिसतो. चौथे कडवे सुरू झाले आणि रस्त्याच्या टोकाला मला त्या दिसल्या. डोक्यावर टोपल्या, झपाझप पाय, मागून उगवतीचे ऊन.

माझ्या डोक्यात काही विचार आला असे मी म्हणणार नाही. नाटकवाल्याच्या पायांना एवढेच ठाऊक असते, की ज्याचा प्रवेश आहे तो निघाला आहे आणि अजून पोचलेला नाही. कडवे संपले, पाय थांबले नाहीत. मी चौथे कडवे पुन्हा धरले.

लोकांनी एकमेकांकडे पाहिले. पण आमच्या मंडळीची जुनी शिस्त, पेटी चालू असेपर्यंत गाणे सोडायचे नाही. त्यांनी पुन्हा म्हटले. पाळकसाहेबांचा हात वर जाता जाता खाली आला. तिसऱ्यांदा धरले तेव्हा पोरांना मजा वाटू लागली. चौथ्यांदा डॅनियलभाऊंनी खिशातून घड्याळ काढले. गायनमंडळापुढे बाई उभ्या होत्या, त्यांची पाठ दाराकडे. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले, मग माझ्या पायांकडे. वळून पाहिले नाही. फक्त हात पुन्हा वर केला. पाचव्या-सहाव्या वेळेला लोकांनी पुस्तके मिटली. तेच चार चरण येत होते आणि जात होते, कोणी जोरात, कोणी डोळे मिटून, आणि मला वाटले की सगळे चर्चच हळूहळू पाण्यावर तरंगते आहे. नवव्यांदा त्या बाया आत आल्या. टोपल्या भिंतीशी उतरल्या, मोहाचा गोड वास बाकांवरून पुढे सरकत आला, आणि रूताबाईंनी घाम न पुसता शेवटच्या दोन ओळी सगळ्यांच्या बरोबर म्हटल्या. मी थांबलो. थांबलो ते ठीक, पण सवयीने शेवटी तोच तुकडा तीनदा वाजवून तिहाईही मारली, जशी आम्ही नाटकात पडदा पडताना मारतो.

व्हायचे ते झाले. दुसऱ्या दिवशी पंचांची सभा बसली. डॅनियलभाऊ म्हणाले, "उपासनेचा तमाशा झाला. नाटकवाल्याले घरी पाठवा." मी गाठोडे बांधायच्याच तयारीत होतो. बाई उठल्या. "गाणं कवा थांबवायचं हे सांगणं माझं काम. माझा हात वर होता. मास्तर माझ्या हाताकडं पाहून वाजवतात. काढायचं तर मले काढा." शेवटी ठरले, की निर्णय होईपर्यंत बाईंनी गायनमंडळापुढे उभे राहू नये. तीस वर्षांत बाईंना असे कोणी म्हटले नव्हते. त्या "बरं" म्हणाल्या आणि पुढच्या रविवारी मागे सतरंजीवर रूताबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या.

सहा रविवार असे गेले. मी वाजवायचो, पण समोर हात नसे. गाणे लंगडू लागले. माझ्या डोक्यात तर भट्टी पेटली होती. मी बाईंना म्हणालो, "राजोलीची गोष्ट भर सभेत काऊन नाही सांगितली तुम्ही? एका वाक्यात त्यांचे तोंड बंद झाले असते." बाई शाळेच्या वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्यांनी एक चांगलं काम केलं, तेही लपून केलं. त्याचा दंड त्यांनाच करायचा का, मास्तर?"

बाईंजवळ तेवढा मोठेपणा आहे, माझ्याजवळ नाही. मी त्याच संध्याकाळी डॅनियलभाऊंच्या घरी गेलो. ते अंगणात बसून घड्याळाला चावी देत होते. मी उभ्यानेच सांगितले. "भाऊ, राजोलीला झेंडी काखेत धरून तुम्ही बायांसाठी गाडी थांबवायचात. बाईंना हे किती वर्षांपासून ठाऊक आहे. सभेत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बोलू नका असे मलाही बजावले होते, पण मी नाटकवाला आहे, माझ्या पोटात राहत नाही." भाऊंची चावी थांबली. मग म्हणाले, "बस खाली. चहा घे."

सातव्या रविवारी पहिले गीत सुरू व्हायच्या आधी डॅनियलभाऊ आपल्या बाकावरून उठले आणि सगळ्या मंडळीदेखत चालत मागे गेले. सतरंजीपाशी वाकून म्हणाले, "बाई, झेंडी तुमच्याजवळ हाय. तुम्ही बसून राह्यल्या तं गाडी कशी सुटन? उठा." बाई उठल्या, पण गुडघ्याने साथ दिली नाही. तेव्हा एका बाजूने भाऊंनी आणि दुसऱ्या बाजूने रूताबाईंनी त्यांना धरले आणि तिघेही मधल्या वाटेने पुढे आले. मला त्यानंतर पेटीच्या पट्ट्या पुसट दिसत होत्या. पेटीवाल्याचे डोळे भरले तरी पाय थांबवता येत नाहीत, हे एक बरे असते.

तेव्हापासून आमच्याकडे रीतच पडली आहे. ईस्टरचे शेवटचे कडवे सुरू झाले की डॅनियलभाऊ आपली जुनी हिरवी झेंडी काखेत मारून फाटकापाशी जाऊन उभे राहतात. शेवटची बाई आत आली की झेंडी वर होते आणि मी थांबतो. कधी पाच वेळा होते, कधी बारा. नागपूरचे एक पाहुणे पाळक यंदा विचारत होते, हे तुमच्या कुठल्या पुस्तकात आहे. मी त्यांना फाटकाकडे बोट दाखवले.

मला मात्र एक गोष्ट कळायला वर्षे लागली, यावरून माझी अक्कल वाचकांनी ओळखावी. नागपुरात चर्चमध्ये वाजवणारे शिकलेले लोक आहेत. रेघा-टिंबे वाचणारे आहेत. मग बाई दुखरा गुडघा घेऊन वडशाला नाटकाच्या पेटीवाल्याकडे कशाला आल्या होत्या? मागच्या पावसाळ्यात मी हे विचारले. बाई खिडकीपाशी बसल्या होत्या, काचेचा निळा तुकडा त्यांच्या लुगड्यावर होता. म्हणाल्या, "तुम्हाले आत्ता समजलं? शिकलेला माणूस कडवं संपलं की थांबते. मले न थांबणारा पाहिजे होता." मग सांगितलेत का नाही, मी म्हणालो. "मी सांगितलं असतं तं ती माझी चलाखी झाली असती. तुमचे पाय आपले आपण काय करतात, तेवढं मले पाहायचं होतं."

यंदाच्या ईस्टरला बाईंना उभे राहवले नाही. डॉक्टरांनी गाणे कमी करा म्हणून सांगितले आहे, गुडघ्याबरोबर आता छातीचेही दुखणे आहे. त्या खुर्चीत बसून एका हाताने आम्हाला चालवीत होत्या, आणि मधूनच तो हात थकून मांडीवर येत होता. या ग्रंथात मोठमोठ्या मंडळींनी बाईंना शतायुषी व्हा म्हटले असेल. माझे शब्द तेवढे वजनदार नाहीत. मी एवढेच म्हणतो, की बाई, हात थकला तर खुशाल खाली ठेवा, विसावा घ्या, पण संपले असे समजू नका. तुमच्या शाळेतल्या मुली, सतरंजीवरच्या बाया, ओसरीवर बोलायला लाजणारी माणसे, अजून पुष्कळजण रस्त्यात आहेत. माझे पाय चालू आहेत. आणि डॅनियलभाऊंची झेंडी मी आजच पाहिली. ती अजून काखेतच आहे.